पारदर्शकाचे नामकरण : नेत्रपृष्ठाच्या अभ्यासाचा एक शब्दैतिहासिक मागोवा

१

जी वस्तू डोळ्यांना दिसते तिला भाषा लवकर नाव देते. जी स्वतः दिसत नाही, परंतु जिच्यामधून इतर सर्व काही दिसते, तिला नाव मिळण्यास विलंब लागतो. डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक आवरण हे याचे ठळक उदाहरण होय. वैद्यकात यास आज पारपटल किंवा स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या या आवरणात रक्तवाहिन्या नाहीत. मात्र मज्जातंतूंचे जाळे इतके दाट आहे की शरीराच्या पृष्ठभागावर त्यास तोड नाही. या मज्जातंतूंची आणि त्यांच्या शेजारी वावरणाऱ्या संरक्षक पेशींची प्रतिमा जिवंत डोळ्यात घेता येणे ही गेल्या काही दशकांतील घटना आहे. तिच्या पूर्वेतिहासाचा मागोवा शब्दांच्या आधारे घेण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. लेखक वैद्य नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे; ही मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची पाच मंडले, सहा संधी आणि सहा पटले सांगितली आहेत. पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी ही ती पाच मंडले. यांत पारदर्शक आवरणास स्वतंत्र स्थान नाही. कृष्णमंडल म्हणजे बाहेरून दिसणारे काळे वर्तुळ. त्यात पुढचे पारदर्शक आवरण व मागचा रंगीत पडदा ही दोन्ही एकरूप झालेली आहेत. मराठीतील ‘बुबुळ’ या शब्दाचीही हीच स्थिती आहे. बुबुळ म्हणताना आपण पाहतो मागचे आणि बोट ठेवतो पुढच्यावर.

परंतु हेच आवरण रोगाने गढूळ झाले की भाषा तत्काळ जागी होते. बुबुळावर पांढरा डाग पडला तर ते ‘फूल’. डोळ्यावर पडदा चढू लागला तर तो ‘वडस’. पापणीच्या आत दाणे उठून खुपू लागले तर त्या ‘खुपऱ्या’. सुश्रुताने नेत्ररोगांची संख्या ७६ दिली असून त्यांपैकी ११ शुक्लभागाचे, ४ कृष्णभागाचे आणि १७ संपूर्ण डोळ्यास व्यापणारे आहेत. या शेवटच्या वर्गातील ‘शुष्काक्षिपाक’ या रोगाचे वर्णन आधुनिक वाचकास विशेष ओळखीचे वाटेल : पापण्या रुक्ष व कठीण होतात, दृष्टी गढूळ होते, डोळा उघडणे कष्टाचे होते. आज ज्यास ‘कोरडा डोळा’ म्हणतात त्याच्याशी आयुर्वेदाचे अभ्यासक या रोगाची सांगड घालतात.

युरोपीय परंपरेने या आवरणास शिंगाची उपमा दिली. लॅटिन ‘कॉर्निआ’ हा शब्द शिंगवाचक धातूवरून आलेला आहे आणि जर्मन ‘होर्नहाउट’ म्हणजे शब्दशः शिंगत्वचा. आपल्याकडे आधुनिक परिभाषा घडविताना ‘स्वच्छमंडल’ या नावात सुश्रुताचे मंडल राहिले, तर ‘पारपटल’ या नावात त्याचे पटल आले. सुश्रुताची पटले मात्र निराळी आहेत. त्यांतील दोन पापण्यांची व चार डोळ्याच्या आतली, तिमिररोगाचा आश्रय असलेली. जुना शब्द नव्या वस्तूवर बसविताना त्याचा अर्थ किती सरकतो, हे या एका उदाहरणावरून दिसून येईल.

२

पारदर्शक आवरणातील मज्जातंतू तितकेच पारदर्शक असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ फ्रीडरिक श्लेम याने १८३१ साली त्यांचे अस्तित्व नोंदविले. तथापि त्यांची सूक्ष्म टोके कोठवर जातात हे दिसण्यास सोने कामी आले. यूलिउस कोनहाइम याने १८६७ च्या सुमारास गोल्ड क्लोराइडच्या द्रावणात ऊतक बुडविण्याची पद्धत योजिली. प्रकाशात ठेवल्यावर त्यातील सोने मज्जातंतूंवर बसते आणि ते काळसर जांभळे दिसू लागतात. या युक्तीने पारपटलातील तंतू बाह्यस्तराच्या पेशींमध्ये शिरताना प्रथमच स्पष्ट दिसले.

यानंतरची घटना शब्दैतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पाउल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८६८ साली हीच सुवर्णपद्धती मानवी त्वचेवर वापरली. त्यास फांद्या फुटलेल्या, झाडासारख्या पेशी दिसल्या. सोने मज्जातंतूंना रंगविते. या पेशी सोन्याने रंगल्या. त्या अर्थी त्या मज्जासंस्थेच्याच असाव्यात, असा त्याने निष्कर्ष काढला. अनुमान सुसंगत होते, पण चुकीचे होते. या पेशी रोगप्रतिकाराच्या असून बाहेरून आलेल्या परक्या द्रव्याची वर्दी त्या लसिकापेशींना देतात, हे उमगण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. राल्फ स्टाइनमन व झानव्हिल कोन यांनी १९७३ साली उंदरांच्या प्लीहेत अशा पेशी ओळखून त्यांना ‘डेंड्रिटिक’, म्हणजे वृक्षाभ, हे नाव दिले. स्टाइनमन यांस त्याबद्दल २०११ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. घोषणेच्या तीनच दिवस आधी त्यांचे निधन झाले होते. लँगरहान्सच्या पेशी याच कुळातल्या ठरल्या.

सारांश, एकाच रंगाने मज्जातंतू आणि प्रतिकारपेशी ही दोन्ही दृश्य झाली, आणि त्या रंगामुळेच त्यांची गल्लत झाली. आज मात्र त्या दोहोंचा संबंध निराळ्या रीतीने पुन्हा प्रस्थापित होत आहे.

३

या कथेचा एक अध्याय मुंबईत घडला. त्याचा विषय कुष्ठरोग हा होता. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्यास निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. वडाळ्याचे अॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. मराठीच्या अभ्यासकांस हे नाव दुसऱ्या कारणाने परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे अॅक्वर्थ ते हेच. लोकांच्या मुखातील शब्द आणि लोकांच्या अंगावरील व्याधी या दोहोंकडे एकाच माणसाचे लक्ष असावे, हा योग दुर्मिळ म्हटला पाहिजे.

कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत ठाण मांडतो. डोळ्याच्या बाबतीत याचे परिणाम दुहेरी होतात. चेहऱ्याचा मज्जातंतू निकामी झाला की पापणी मिटत नाही. पारपटलाचे संवेदन गेले की उघड्या डोळ्यात गेलेला कण खुपत नाही. खुपत नाही म्हणून रोगी डोळा चोळत नाही, धूत नाही, वैद्याकडे जात नाही. व्रण होतो आणि दृष्टी जाते. ओ. बी. बुल व हान्सेन या नॉर्वेजियन वैद्यांनी १८७३ सालीच या रोगातील नेत्रविकारांवर ग्रंथ लिहिला होता. पुढे छिद्रदीपाच्या, म्हणजे स्लिट लॅम्पच्या, साहाय्याने कुष्ठरोग्यांच्या पारपटलातील मज्जातंतूंवर मण्यांसारख्या पांढऱ्या गाठी पाहता येऊ लागल्या. गुलस्ट्रँड याने १९११ साली पुढे आणलेल्या या उपकरणाने जिवंत माणसाच्या डोळ्यातील रोगग्रस्त मज्जातंतू असे प्रत्यक्ष दाखविले.

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म १८९५) यांचे कार्य या संदर्भात आठवते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राची धुरा वाहणाऱ्या खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांतील ऊतकांचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध केला आणि त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतू रोगाच्या प्रारंभीच ग्रासले जातात याकडे लक्ष वेधले. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. चट्टा त्वचेवर दिसतो म्हणून रोग त्वचेचा, ही दृष्टी अपुरी आहे. मज्जातंतू आणि त्याभोवती जमणाऱ्या प्रतिकारपेशी एकत्र पाहिल्या पाहिजेत, हा त्या अभ्यासाचा धडा. खानोलकरांस त्यासाठी त्वचेचा तुकडा कापून घ्यावा लागे. डोळ्याच्या बाबतीत तशी सोय नाही. पारपटलाचा मधला तुकडा केवळ पाहण्यासाठी कोण कापून देईल?

४

ही अडचण समनाभी सूक्ष्मदर्शकाने दूर केली. मार्व्हिन मिन्स्की याने त्याची कल्पना १९५७ साली पेटंटासाठी मांडली. एका सूक्ष्म छिद्रातून फक्त एकाच पातळीवरचा प्रकाश घ्यावयाचा, वरखालचा सर्व अडवावयाचा, हे तिचे सूत्र. या तत्त्वावरील उपकरणे १९८० नंतरच्या काळात डोळ्यापर्यंत पोहोचली. सध्या प्रचलित असलेल्या लेसर पद्धतीत ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात आणि प्रत्येक चित्रात ४०० मायक्रोमीटर लांबी-रुंदीचा चौरस येतो. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून उपकरणाची टोपी पारपटलास टेकवितात. ऊतक कापावे लागत नाही, रंगवावे लागत नाही.

बाह्यस्तराच्या तळाशी समांतर धावणारे मज्जातंतू या चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांसारखे दिसतात. वृक्षाभ पेशी त्यांच्या आसपास चकाकतात. निरोगी डोळ्याच्या मध्यभागी या पेशी थोड्या असतात आणि त्यांच्या फांद्या आखूड असतात. दाह झाला की संख्या वाढते, फांद्या लांबतात. नागीण जातीच्या विषाणूने होणाऱ्या पारपटलदाहात पेशी वाढलेल्या आणि मज्जातंतू घटलेले आढळतात. मधुमेहातही हे तंतू विरळ होतात. म्हणून पायांच्या मज्जातंतूंचा अंदाज डोळ्यावरून बांधण्याचे प्रयत्न २००० नंतर सुरू झाले. कोरड्या डोळ्यात पेशींची वाढ वारंवार नोंदली गेली आहे; तंतूंच्या संख्येबाबत मात्र निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. शिवाय चित्राचा चौरस अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, तो कोठला घ्यावयाचा हे पाहणाऱ्याच्या हाती, आणि पेशीची ओळख केवळ आकारावरून. लँगरहान्सची चूक आकार आणि रंग यांवर विसंबल्याने झाली होती, हे येथे विसरून चालणार नाही.

५

या साऱ्याचे महत्त्व कोणते? वसई परिसरात मिठागरे, समुद्र आणि बागायत ही शेजारी नांदत आली. प्रस्तुत लेखकाच्या मातोश्री डोळ्यांच्या त्रासाचे वर्णन ‘डोळ्यांत मीठ भरल्यासारखं होतं’ अशा शब्दांत करीत. ‘चुरचुरतं’ आणि ‘खुपतं’ यांत त्या कटाक्षाने भेद करीत. ‘झोंबतं’ हे त्यांच्या लेखी तिसरेच. एका वैद्यांनी डोळे तपासून त्यांत काही नाही, असे सांगितले. दुसऱ्यांनी वयाकडे बोट दाखविले. त्यांचे दुखणे त्यांच्या शब्दांपलीकडे कोणासही दिसत नव्हते, आणि शब्दांना पुरावा मानण्याची रीत नव्हती. मातोश्री आज हयात नाहीत.

डोळा वरून स्वच्छ असूनही मज्जातंतूच्या विकाराने वेदना होऊ शकते, हे आता वैद्यकास मान्य आहे. काही रुग्णांच्या बाबतीत समनाभी चित्रात तंतूंवरील गाठी किंवा त्यांची तुटलेली टोके दाखविता येतात. कुष्ठरोग्याचा डोळा दुखावयास हवा असता दुखत नाही. या रुग्णांचा डोळा दिसावयास काही नसता दुखतो. दोन्हीकडे दोष मज्जातंतूत आहे आणि दोन्हीकडे डोळा वरवर पाहून भागत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते अशी आपली म्हण आहे. येथे मात्र दुसऱ्याच्या डोळ्यातील मुसळही दिसले नव्हते.

भाषेच्या अभ्यासकांस येथे काम आहे. परिभाषेचा गोंधळ अद्याप मिटलेला नाही. एकाच वस्तूला बोलण्यात मज्जातंतू, शालेय पुस्तकांत चेता आणि विश्वकोशीय लेखनात तंत्रिका म्हणतात; वृक्षाभ पेशींस तर सर्वमान्य मराठी नावच नाही. तथापि त्याहून निकडीचे काम वेदनेच्या शब्दांचे आहे. चुरचुरणे, खुपणे, झोंबणे, सलणे, ठणकणे, टोचणे हे शब्द कोणत्या बोलीत कोणत्या भेदाने वापरले जातात, याची नोंद रुग्णालयांतील प्रश्नावल्या तयार होण्यापूर्वी झाली पाहिजे. वसईतील सामवेदी, वाडवळ आणि कोळी समाजांच्या बोलींपासून असा आरंभ करता येईल. इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर करून या साऱ्या शब्दांच्या जागी ‘जळजळ’ हा एकच शब्द घातला, तर उपकरण कितीही सूक्ष्म असो, चित्रातील कोणती खूण कोणत्या वेदनेची हे जुळविता येणार नाही. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे क्षेत्रकार्य हाती घेतल्यास, मातोश्रींच्या शब्दांची लेखकाने केलेली टिपणे त्यांच्या स्वाधीन करण्यात येतील.