कास्त्रू, ईनेश द

( ? – ७ जानेवारी १३५५). पोर्तुगालचा राजपुत्र (पुढे राजा) पहिला पेद्रू याची गॅलिशियन सरदारकुळातील प्रेयसी. पेद्रूची पत्नी कोन्स्तान्सा हिची सखी म्हणून ती दरबारी आली. कास्त्रू बंधूंच्या वाढत्या वर्चस्वाच्या भीतीने पेद्रूचा पिता चौथा आफोंसू याने कोईंब्रा येथे तिचा वध करविला. पेद्रूने बंड केले. १३५७ मध्ये गादीवर आल्यावर त्याने कॅस्टीलशी फरारींची अदलाबदल करून दोघा मारेकऱ्यांना मिळविले व १३६१ मध्ये क्रूरपणे ठार केले. तिसरा, पाशेकू, निसटला. १३६० मध्ये त्याने ईनेशशी गुप्तविवाह झाल्याचे शपथेवर सांगितले. मात्र विवाहाचा दिवस त्यास आठवेना. मृतदेहास राज्याभिषेक केल्याची कथा उत्तरकालीन असून तिला समकालीन आधार नाही. दोघांच्या शिल्पमंडित समाध्या आल्कोबासा मठात आहेत.