अंतर्गत चीनमधील एका मराठी परकीयाचे वास्तव्य : डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९३९–१९४२)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चीनमध्ये गेलेला भारतीय मनुष्य बहुधा बंदरातच राहिला. कँटन व हाँगकाँग येथे मुंबईचे पारशी व्यापारी होते, तर शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत शीख पोलीस होते. अफूच्या युद्धात व १९०० च्या बॉक्सर उठावात हिंदी पलटणी ब्रिटिशांच्या बाजूने चीनमध्ये लढल्या होत्या. देशाच्या अंतर्भागात राहणारा परकीय म्हणजे प्रामुख्याने ख्रिस्ती मिशनरी होय. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–१९४२) यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाहीत. त्यांच्या त्यागाची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. मात्र चीनच्या अंतर्भागात ते दैनंदिन जीवन कसे जगले आणि त्यांचे परकेपण कशामुळे कमी होत गेले, हा प्रश्न त्या कथेत मागे पडतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

वैद्यकीय पथक व प्रवास

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीसाठी आवाहन केले व पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. डॉ. मदन अटल हे पथकाचे नेते होते. नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून निघाले व त्याच महिन्यात कँटनला पोहोचले. ऑक्टोबर १९३८ मध्ये कँटन जपानच्या हाती पडले आणि पाठोपाठ वुहानही पडले. अशा प्रकारे, ज्या बंदरातून पथकाने चीनमध्ये प्रवेश केला, ते काही आठवड्यांतच त्याच्यामागे बंद झाले.

चुंगकिंग येथे कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. घरी परतण्याचा मार्ग खुला असूनही त्यांनी पथकासोबत पुढे जाण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय त्यांच्या पुढील वास्तव्याच्या मुळाशी आहे. त्यांनी आपल्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी होण्याचा हक्क सोडला होता, याचे विस्मरण होता कामा नये.

येनान : पाहुणेपणाचा काळ

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक शेन्सी प्रांतातील येनान येथे पोहोचले. लोएस मातीच्या डोंगरांत वसलेले हे एक आडबाजूचे शहर असून, साम्यवादी पक्षाच्या मुख्यालयामुळे ते प्रकाशात आले होते. नोव्हेंबर १९३८ मधील जपानी बॉम्बवर्षावात जुने शहर उद्ध्वस्त झाले होते. लोक डोंगरात कोरलेल्या गुहागृहांत राहत व रुग्णालयेही गुहांतच चालत. या काळात डॉक्टरांचे स्थान सन्मान्य पाहुण्यांचे होते. प्रत्येकाच्या चिनी नावात ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडण्यात आले होते. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. नाव मिळाले तरी परकेपण संपले नव्हते. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येच परतले आणि पुढे अटलही परतले. बसू १९४३ पर्यंत येनानमध्ये राहिले.

गेगोंग : भाषा, अन्न व जबाबदारी

१९४० मध्ये कोटणीस उत्तर चीनमधील जपानी फळीच्या मागे असलेल्या तळप्रदेशात गेले व तेथेच थांबले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचा नोव्हेंबर १९३९ मध्ये याच भागात मृत्यू झाला होता. बेथ्यून यांना रुग्णांशी व सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी दुभाष्याची गरज लागत असे. कोटणीसांनी मात्र चिनी भाषा आत्मसात केली व त्या भाषेत विद्यार्थ्यांना शल्यचिकित्सा शिकविली. जानेवारी १९४१ मध्ये हेबेई प्रांताच्या तांग परगण्यातील गेगोंग या खेड्यात बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. येथे पाहुणेपणाचा काळ संपला. संचालकाला औषधांचा तुटवडा, रुग्णांचे स्थलांतर व सहकाऱ्यांचे वाद यांची जबाबदारी घ्यावी लागते आणि त्याच्या चुकाही त्याच्याच नावावर नोंदविल्या जातात.

अन्नाचा मुद्दाही दुर्लक्षणीय नाही. या प्रदेशाचे मुख्य धान्य ‘शियाओमी’ हे होय. मराठीत यालाच राळे म्हणतात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकरास हे धान्य पूर्णतः अनोळखी नव्हते, परंतु तुटवड्याच्या वर्षांत तेही पुरेसे मिळत नसे.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचर्येच्या शिक्षिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र जन्मला व त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत-चीन, असे ठेवण्यात आले. त्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने कोटणीसांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते.

निष्कर्ष

व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील चित्रपटाने कोटणीसांना अमर केले. तथापि त्यातून प्रामुख्याने वीरपुरुषाची प्रतिमा रूढ झाली. उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, त्यांचे परकेपण केवळ सद्भावनेने किंवा बहाल केलेल्या नावाने दूर झाले नाही. शिकलेली भाषा, वाटून घेतलेली टंचाई व स्वीकारलेली जबाबदारी या तीन बाबींनी ते क्रमशः कमी झाले. बंदरातील परकीयाला तहांचे संरक्षण होते. कोटणीसांना तसे कोणतेही संरक्षण नव्हते आणि म्हणूनच त्यांचे नाते शेजाऱ्याचे झाले.

त्याचबरोबर, परतलेल्यांचे वास्तव्यही इतिहासाचा विषय आहे. नागपूरचे चोळकर येनानपर्यंत गेले होते. तरीही वैनगंगेकाठच्या भंडारा-कारधा परिसरात त्यांच्यापेक्षा कोटणीसांचे नाव कितीतरी अधिक परिचित आहे. जो परदेशी मातीत राहिला तोच स्मरणात राहावा, हे स्वाभाविक असले तरी न्याय्य नाही. विदर्भातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी चोळकरांच्या कार्याचा अभ्यास हाती घेणे, ही या विषयाची पुढील पायरी ठरेल.