जुनी मोटरसायकल नव्याने उभी करताय? ग्राइंडरच्या आधी फ्रेमची मापं आणि ड्रॉइंग

जुनी राजदूत, येझदी किंवा बुलेट नव्याने उभी करायची म्हटलं की चर्चा लगेच टाकी, सीट आणि रंगावर जाते. मग कुणीतरी सुचवतं, "मागची फ्रेम थोडी कापू, छान दिसेल." माझं म्हणणं असं आहे की फ्रेमला हात लावण्याआधी तिची मापं कागदावर आली पाहिजेत. टाकी पुन्हा मिळते, इंजिनाचे पार्टही शोधले की सापडतात. पण गाडीची कायदेशीर ओळख असलेला चासी नंबर फ्रेमवर असतो आणि गाडी सरळ चालणार की नाही, हेही फ्रेमच ठरवते.

गोंदियाजवळ मुर्रीला आमच्या घरी काकांची १९७८ ची येझदी २५० उभी आहे. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, वेल्डिंग मला येत नाही. पण मोजणं, नोंदवणं आणि मॉडेल बनवणं येतं, आणि या कामात तेच आधी लागतं. खालची पद्धत याच गाडीवर वापरलेली आहे. कोणत्याही जुन्या गाडीला ती लागू होते.

नेमकं काय मोजायचं?

फ्रेमवर शेकडो मापं घेता येतील, पण कामाची मोजकीच असतात:

- व्हीलबेस: पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर.
- रेक: हँडल ज्या अक्षावर फिरतं, म्हणजे कोनसेटच्या मधून जाणारी रेषा, तिचा उभ्या रेषेशी होणारा कोन.
- ऑफसेट: हँडलचा तो अक्ष आणि फोर्कच्या दोन नळ्या यांच्यातलं अंतर. हे हँडलच्या टीवर मोजता येतं. एक्सल नळीच्या पुढे बसवलेला असेल, तर तेवढं अंतर यात मिळवायचं.
- चिमट्याच्या पिनची जागा: मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात, तो मागचा स्विंगआर्म ज्या पिनवर वर-खाली होतो, तिचं मध्य.
- इंजिनाचे बोल्ट: फ्रेमवरच्या प्रत्येक भोकाचं मध्य आणि व्यास.
- चाकाची त्रिज्या: जमिनीपासून एक्सलपर्यंतची उंची, माणूस गाडीवर बसलेला असताना.

मापं घेण्याची पद्धत

महागडी यंत्रं लागत नाहीत. गवंड्याचा ओळंबा, पाण्याची लेव्हल नळी, स्टीलची टेप, व्हर्नियर, खडू आणि सुतळी एवढं पुरतं.

१. लेव्हल नळीने सपाट फरशी शोधा. तिथे गाडी चाकांवर सरळ उभी करा. एकाने गाडीवर बसायचं, दुसऱ्याने कोनसेटच्या खालच्या कडेची आणि चिमट्याच्या पिनची जमिनीपासूनची उंची लिहायची.

२. आता गाडी खोला. रिकामी फ्रेम ठोकळ्यांवर अशी ठेवा की या दोन उंची तंतोतंत परत येतील. म्हणजे फ्रेम रस्त्यावर जशी झुकलेली असते, तशीच आली.

३. फ्रेमखाली खडूने एक लांब सरळ रेषा मारा. कोनसेटचं मध्य, इंजिनाच्या बोल्टांचं मध्य आणि चिमट्याच्या पिनचं मध्य ओळंब्याने खाली उतरवा. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे लिहा. त्यांत २ मि.मी. पेक्षा जास्त फरक आला, तर पद्धतीतच गडबड आहे.

रेक मोजायला मोबाईलचं ॲप लावायचा मोह होतो, पण त्यात एक अंशाची चूक सहज होते. त्यापेक्षा लेथवाल्याकडून दोन शंकू बनवून घ्या. गोंदियात राईस मिलची कामं करणारे लेथ आहेत, त्यांच्यासाठी हे किरकोळ काम आहे. शंकू कोनसेटच्या दोन्ही टोकांत बसवून मधून ६०० मि.मी. चा सरळ रॉड घाला. रॉडच्या दोन्ही टोकांवरून ओळंबे सोडा आणि जमिनीवरचं अंतर मोजा. हे अंतर २७२ मि.मी. आलं, तर २७२ भागिले ६०० म्हणजे ०.४५३. कॅल्क्युलेटरवर याचा उलटा साईन काढला की साधारण २७ अंश मिळतात. इथे १ मि.मी. चुकलं तरी कोनात फक्त ०.१ अंशाचा फरक पडतो.

ट्रेल: एकच आकडा, पण जिवाशी गाठ असलेला

हँडलचा अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे लागतो, त्या जागेपासून चाक जमिनीला टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. अक्षाची जागा पुढे आणि चाक मागे असतं, म्हणून चाक आपोआप सरळ राहायला बघतं. ट्रेल कमी झाला की हँडल हलकं होतं, आणि खड्ड्यातून वेगात जाताना ते थरथरू शकतं. फार वाढला तर गाडी वळायला जड होते.

सूत्र सोपं आहे:

ट्रेल = (त्रिज्या × साईन रेक − ऑफसेट) ÷ कोसाईन रेक

गणित समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. त्रिज्या ३१० मि.मी., रेक २७ अंश, ऑफसेट ५० मि.मी. ट्रेल येतो सुमारे १०२ मि.मी.

आता समजा, स्टाईलसाठी लांब शॉकअप लावले आणि मागच्या एक्सलपाशी फ्रेम ३० मि.मी. वर गेली. व्हीलबेस १३२० मि.मी. असेल तर अख्खी गाडी १.३ अंशाने पुढे झुकते. रेक होतो २५.७ आणि ट्रेल ९४ मि.मी. वर येतो. फ्रेमला कुणी हातही लावला नाही, तरी ट्रेल ८ मि.मी. ने घटला. त्यात पुढचं चाक लहान केलं, तर तो आणखी घटतो. दुकानात उभं राहून हे दिसत नाही, कागदावर दोन मिनिटांत कळतं.

ड्रॉइंग कसं करायचं?

कागदावर करायचं तर ए-३ कागद आणि १:५ स्केल घ्या. साधारण दोन मीटर लांबीची गाडी ४०० मि.मी. मध्ये बसते. कॉम्प्युटरवर करायचं तर फ्रीकॅड हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात रेषांना मापांनी बांधता येतं, त्यामुळे शॉकअपची लांबी बदलली की पूर्ण चित्र त्याप्रमाणे हलतं. आम्हा प्रोग्रामर मंडळींच्या भाषेत, आकडे हार्डकोड न करता व्हेरिएबलमध्ये ठेवणं.

फोटो मागे ठेवून त्यावर ट्रेस करणार असाल, तर फोटो पाच-सहा मीटर लांबून, एक्सलच्या उंचीवरून, झूम करून काढा. जवळून काढला तर कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. पट्टी फोटोत ठेवायला विसरू नका.

ड्रॉइंगचे तीन थर करा. पहिल्यात न बदलणाऱ्या गोष्टी: कोनसेट, चिमट्याची पिन, इंजिनाचे बोल्ट, चासी नंबरची जागा. दुसऱ्यात बोल्टने लागणाऱ्या: टाकी, सीट, मडगार्ड, शॉकअप. तिसऱ्यात तुमची नवी कल्पना. माझा नियम असा की तिसऱ्या थरातली प्रत्येक गोष्ट आधीपासून असलेल्या भोकांवरच बसली पाहिजे. बसत नसेल, तर कल्पना बदलायची, फ्रेम नाही.

येझदीचंच बघा. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर आहेत. कॅफे रेसर करायला पायदान मागे सरकवलं, तर गिअरपर्यंत पाय पोचत नाही. चेनवर पूर्ण बंद केस असते, त्यामुळे मागे रुंद टायर घालायलाही जागा मोजूनच ठरवावी लागते.

फ्रेम वाकलीय की बुश गेलाय?

आमची गाडी एका बाजूला ओढायची. "फ्रेम वाकलीय, गरम करून सरळ करून घे," असा सल्ला मिळाला. आधी सुतळी लावली. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून सुतळ्या पुढे ताणल्या आणि पुढच्या सरळ केलेल्या टायरपासूनची फट मोजली. एका बाजूला ११ मि.मी., दुसऱ्या बाजूला ३. म्हणजे चाकं एकमेकांपासून ४ मि.मी. सरकलेली.

पण रिकाम्या फ्रेमची ओळंब्याने घेतलेली सगळी मध्यं खडूच्या रेषेपासून १ मि.मी. च्या आत होती. फ्रेम सरळ होती. चिमटा हाताने आडवा हलवला तर खेळ स्पष्ट जाणवला. नवे बुश टाकल्यावर फट ८ आणि ६ झाली, आणि गाडीचं ओढणं थांबलं. माप न घेता गेलो असतो, तर चांगल्या फ्रेमला आच लागली असती.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेला आणि आरसीवर नोंदवलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं.

केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात. नंबरात 'व्हीए' अक्षरं असतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, प्रदर्शन किंवा रॅलीसारख्या कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. महत्त्वाची अट म्हणजे गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको.

येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. आज चार इंच पाइप कापला, तर तो दरवाजा कायमचा बंद होतो. म्हणून आमच्या ड्रॉइंगमध्ये सीट आणि हँडल बदललेत, फ्रेमची एकही रेषा नाही.

थोडक्यात क्रम

चासी नंबर आरसीशी जुळवा. चाकांवर मापं घ्या, मग रिकाम्या फ्रेमची घ्या. सुतळीने चाकांची रेषा तपासा. सध्याचा ट्रेल काढा. ड्रॉइंगमध्ये बदल करून ट्रेल पुन्हा काढा. प्रत्येक नवा पार्ट आधी पुठ्ठ्यातून कापून गाडीवर लावून बघा. मापांचा कागद फोटो काढून जपून ठेवा, पुढे गाडी ज्याच्या हातात जाईल त्यालाही तो लागेल.