आशियाई क्रीडा स्पर्धांतील जु-जित्सू

जु-जित्सू हा निःशस्त्र द्वंद्वाचा मूळचा जपानी क्रीडाप्रकार होय. आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याचा प्रथम समावेश २०१८ साली जकार्ता-पालेंबांग (इंडोनेशिया) येथे झाला. हांगचौ (चीन) येथील १९व्या स्पर्धांतही तो कायम राहिला. या दोन्ही स्पर्धांत ‘ने-वाझा’ म्हणजे जमिनीवरील झुंज हा एकच प्रकार खेळवण्यात आला. ऑलिंपिकमध्ये जु-जित्सूला स्थान नसल्यामुळे आशियाई खेळाडूंच्या दृष्टीने या पदकांना विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

जपानमधील सामुराई योद्ध्यांच्या निःशस्त्र युद्धविद्येतून जु-जित्सूच्या अनेक परंपरा निर्माण झाल्या. त्यांतील निवडक डावांच्या आधारे जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची स्थापना केली. ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेले. त्यांच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसी यांनी आत्मसात केली. कार्लोस व त्यांचे बंधू एलियो यांनी जमिनीवरील डावांवर भर देऊन तिला जे रूप दिले, ते ‘ब्राझिलियन जु-जित्सू’ म्हणून ओळखले जाते. आशियाई स्पर्धांतील ने-वाझाचे नियम या ब्राझिलियन पद्धतीशी बरेच मिळतेजुळते आहेत. आशियात जन्मलेली विद्या अशा रीतीने दक्षिण अमेरिकेतून नवे रूप घेऊन आशियाई क्रीडांगणावर परतली.

या पुनरागमनात संयुक्त अरब अमिरातीचा वाटा मोठा आहे. अबू धाबीत १९९८ पासून पकड-झुंजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि २००८ पासून तेथील शाळांत जु-जित्सू शिकवले जाऊ लागले. आशियाई क्रीडा स्पर्धांत येण्यापूर्वी बँकॉक येथील आशियाई मार्शल आर्ट्स स्पर्धा (२००९) आणि अश्गाबात येथील आशियाई इनडोअर व मार्शल आर्ट्स स्पर्धा (२०१७) यांतही हा खेळ खेळवला गेला होता.

स्वरूप व नियम

आंतरराष्ट्रीय जु-जित्सूत ‘फायटिंग’, ‘ड्युओ’ आणि ‘ने-वाझा’ हे प्रमुख प्रकार आहेत. फायटिंगमध्ये ठोसे, लाथा, फेक व पकड यांना वाव असतो. ड्युओमध्ये जोडीने बचावतंत्राचे प्रात्यक्षिक करतात. ने-वाझात मात्र प्रहारास पूर्ण बंदी असते. झुंज उभ्याने सुरू होते व ती सहा मिनिटांची असते. प्रतिस्पर्ध्याचा सांधा आवळून अथवा गळा दाबून त्याला शरणागती पत्करण्यास लावणे हे अंतिम उद्दिष्ट होय. शरण जाणारा खेळाडू हाताने थाप मारतो आणि झुंज तत्क्षणी संपते.

शरणागती न झाल्यास गुणांवर निर्णय होतो. प्रमुख गुण असे :

* प्रतिस्पर्ध्यास उभ्या स्थितीतून खाली पाडणे – २
* खालच्या स्थितीतून उलटवून वर येणे – २
* पोटावर गुडघा रोवून दाबून धरणे – २
* प्रतिस्पर्ध्याच्या पायांचा अडसर ओलांडणे – ३
* छातीवर स्वार होणे अथवा पाठीवर ताबा मिळवणे – ४

कुस्तीत पाठ टेकली की मल्ल चीत होतो. ने-वाझात पाठीवर पडून पायांनी प्रतिस्पर्ध्यास रोखून धरणे ही एक मान्य पवित्र्याची स्थिती आहे. तिला ‘गार्ड’ म्हणतात. तीतूनच अनेक निर्णायक डाव टाकले जातात.

२०१८ : जकार्ता

२४ ते २६ ऑगस्ट २०१८ या काळात जकार्ता कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आठ वजनगटांत स्पर्धा झाल्या. त्यांपैकी सहा गट पुरुषांचे, तर केवळ दोन महिलांचे (४९ व ६२ किलो) होते. संयुक्त अरब अमिरातीने दोन सुवर्ण, पाच रौप्य व दोन कांस्य अशी एकूण नऊ पदके जिंकली. त्या देशाने संपूर्ण स्पर्धांत मिळवलेल्या १४ पदकांपैकी ही नऊ होती. हमद नवाद (५६ किलो) आणि फैसल अल केतबी (९४ किलो) हे त्यांचे सुवर्णविजेते होत. किर्गिझस्तानच्या तोरोकान बागिनबाय उलू यांनी ६९ किलो गटात सुवर्ण मिळवले.

महिलांच्या ४९ किलो गटात कॅलिफोर्नियात वाढलेल्या जेसा खान यांनी अंतिम झुंजीत अमिरातीच्या खेळाडूस नमवून कंबोडियाला सुवर्ण मिळवून दिले. ६२ किलो गटात दक्षिण कोरियाच्या सुंग की-रा विजयी ठरल्या. सिंगापूरच्या माजी जलतरणपटू कॉन्स्टन्स लियन यांना रौप्यपदक मिळाले.

२०२२ : हांगचौ

कोविड-१९ महासाथीमुळे या स्पर्धा एक वर्ष लांबणीवर पडून २०२३ साली झाल्या. जु-जित्सूच्या झुंजी ५ ते ७ ऑक्टोबर रोजी झाल्या. वजनगट आठच राहिले, परंतु ते पुरुष व महिला यांच्यात चार-चार असे समान विभागण्यात आले. या बदलाचा लाभ फिलिपिन्सला झाला. जकार्तात कांस्यपदक मिळवलेल्या मेगी ओचोआ यांनी ४८ किलो, तर ॲनी रामिरेझ यांनी ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले. त्या वर्षी फिलिपिन्सला मिळालेल्या चार सुवर्णपदकांपैकी दोन जु-जित्सूतील होती. अमिरातीच्या अस्मा अल होसनी (५२ किलो) व शम्मा अल कलबानी (६३ किलो) यांनीही सुवर्ण मिळवले. पुरुषांत फैसल अल केतबी यांनी ८५ किलो गटात आपले दुसरे सुवर्ण जिंकले. भारतीय खेळाडूंनीही या स्पर्धेत भाग घेतला, मात्र त्यांना पदक मिळाले नाही.

महत्त्व

जु-जित्सूने आशियाई पदकतालिकेत लहान देशांना नवी संधी दिली. चीन, जपान व दक्षिण कोरिया यांचे अनेक खेळांत असलेले वर्चस्व येथे तितकेसे दिसत नाही. मात्र ऑलिंपिकबाह्य खेळांचा समावेश प्रत्येक स्पर्धेसाठी नव्याने ठरतो व वजनगटही बदलतात. ९४ किलोचा गट जकार्तात होता, हांगचौत नव्हता. त्यामुळे खेळाडूंना पुढील तयारी अनिश्चिततेतच करावी लागते. २०२६ सालच्या आयची-नागोया स्पर्धांच्या कार्यक्रमात जु-जित्सूचा समावेश असून, हा खेळ त्यामुळे आपल्या जन्मभूमीत प्रथमच आशियाई पदकांसाठी खेळवला जाणार आहे.