गार हवा कोणासाठी?



इतिहासावर बोलावयास मी उभा आहे, पण मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात झाले. म्हणून आरंभ ग्रंथापासून न करता एका बंद पडलेल्या यंत्रापासून करतो.

दोन वर्षांपूर्वी, वैशाखात, उष्णतेची लाट चालू असताना शहराबाहेरच्या एका गोदामातील संगणकाच्या खोलीचे वातानुकूलन यंत्र बंद पडले. सकाळी अकराला ते बंद पडले आणि एकच्या आत कारागीर येऊन चालू करून गेला. त्याच गोदामात, पत्र्याखाली, जेथे हमाल पोती उतरवतात तेथला पंखा फाल्गुनापासून बंद होता. त्याच दिवशी तीनच्या सुमारास आमचा एक हमाल पोत्यासकट कोसळला. तो जगला, पण पोते उचलणे त्याचे कायमचे सुटले.

दोष एकट्या मालकाचा असता तर मी हे येथे सांगत बसलो नसतो. पंख्याची लेखी तक्रार मीच केली होती आणि वाटाघाटीत ती मीच सोडून दिली होती. बदल्यात दिवसाला पंधरा रुपये 'उष्णता भत्ता' पदरात पाडून घेतला. त्या दिवशी आम्ही पेढेही वाटले. दवाखान्याच्या व्हरांड्यात हमालाची बायको मला एवढेच म्हणाली, "भाऊ, तो भत्ता तुम्हीच आणला होता ना?" या प्रश्नाने मला पुन्हा वाचनालयात नेऊन बसविले. कारखान्यातील हवा आजवर कोणासाठी सुधारली गेली, हे मला पाहावयाचे होते.

गोष्ट इंग्लंडातील लँकेशायरच्या विणकरांपासून सुरू होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तिकडचा कापूस आटला, तेव्हा गिरणीवाले हलक्या सुताला चिनी मातीची जड खळ देऊ लागले. असे सूत कोरड्या हवेत तटातट तुटते. म्हणून विणकामाच्या खात्यात वाफ सोडण्याची रीत वाढली. सूत टिकले, पण माणूस भिजला. शरीरातली उष्णता घामावाटे जाते हे खरे, परंतु घाम वाळला तरच. दमट हवेत तो नुसता निथळतो. भिजल्या कपड्यांनी विणकर बाहेरच्या थंडीत पडत आणि खोकत घरी जात. त्यांनी गाऱ्हाणे मांडले आणि १८८९ साली पार्लमेंटने कायदा केला. किती उष्णतेला किती दमटपणा चालेल याचे कोष्टक ठरले आणि खात्याखात्यात उष्णतामापके टांगली गेली. वाफ बंद झाली नाही, परंतु तिला मर्यादा पडली. विणकरांनी येथे नुसती मजुरी मागितली नाही, हवा मागितली, हे ध्यानात ठेवावे.

पुढे १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्याची अडचण निघाली. उन्हाळ्याच्या दमट हवेत कागद फुगे आणि एकावर एक छापावयाचे रंग जागेवर बसत नसत. विलिस कॅरिअर नावाच्या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याने हवेतला दमटपणा आवरणारी योजना आखली. आजच्या वातानुकूलनाचा उगम तेथे मानतात. त्याचे इंग्रजी नाव मात्र १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमर या गिरण्यांच्या अभियंत्याने दिले, तेही सुताला दमटपणा देऊन मुरविण्याच्या क्रियेवरून! म्हणजे जन्म कागदासाठी, नामकरण सुतासाठी. माणसाचा क्रम नंतर लागला, आणि तोही तिकीट काढून आलेल्याचा: १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात प्रेक्षक गार हवेत बसले.

आमच्या मुंबईच्या गिरण्यांतही हाच न्याय. माझे वडील साचाखात्यात होते. ते सांगत, वाऱ्याने धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद असत. पाळी सुटल्यावर एप्रिलचे ऊनही गार वाटे. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला त्रास होणार नाही इतपत तापमान राखावे असे सांगितले. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देण्याची सक्तीही केली. कलमे चांगली होती. परंतु कलम स्वतः उठून पंखा लावीत नाही.

आता कोणी म्हणेल, प्रत्येकाला यंत्र द्या म्हणजे प्रश्न मिटला. यंत्र द्यावेच, पण नुसत्या यंत्रावर विसंबल्यास काय होते ते शिकागोत दिसले. ज्या शिकागोत १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी रक्त सांडले, त्याच शहरात १३ जुलै १९९५ रोजी पारा ४१ अंशांवर गेला. विजेची मागणी इतकी चढली की हजारो घरांचा पुरवठा तुटला. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसे अधिक मेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. काहींनी चोरांच्या भीतीने दारेखिडक्या लावून घेतल्या होत्या. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्हीकडे गरीब आणि एकटे वृद्ध होते. उत्तर लॉनडेलमध्ये दुकाने उठलेली, रस्ते ओस. तेथे मृत्यूचे प्रमाण लाखाला ४०. दक्षिण लॉनडेलमध्ये रस्ता गजबजलेला, म्हातारा माणूस घराबाहेर पडू शकणारा. तेथे लाखाला ४. यंत्रे बंद पडली तेव्हा गजबजलेल्या रस्त्याने माणसे वाचविली.

आपल्याकडे अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत सुमारे १३०० माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली: आधी इशारा द्यावयाचा, पाणी पुरवावयाचे, दवाखाने सज्ज ठेवावयाचे. यात महागडे असे काय आहे? कोणीतरी कोणाची तरी आठवण ठेवावी, एवढेच त्यात आहे.

तात्पर्य, गार हवेचा इतिहास हा कोणाची काळजी आधी घ्यावयाची याचा इतिहास आहे. कागदाची घेतली, सुताची घेतली, संगणकाची दोन तासांत घेतली. हमालाची काळजी पंधरा रुपयांत मिटविली, आणि त्या कागदावर सही माझी आहे. भत्ता घेऊन आम्ही ऊन विकत दिले नव्हते. माणूस विकत दिला होता.

गेल्या चैत्रातल्या आमच्या मागणीपत्रात भत्त्याचे कलम नव्हते. दुपारी बारा ते तीन विसावा, माठातले पाणी, चालू पंखा आणि पाळीत एकमेकांवर लक्ष ठेवावयास जोडीदार, एवढेच मागितले. पंखा आणि पाणी मिळाले. विसाव्याचे भांडण अजून चालू आहे. तो हमाल आता गेटावर बसतो आणि दर तासाला पत्र्याखाली जाऊन प्रत्येकाला नावाने हाक मारून येतो. हाकेला ओ आली नाही तर काम थांबते. उद्या आपल्या घरचे यंत्र बंद पडेल, तेव्हा शेजारच्या दारालाही एक हाक द्यावी, इतकीच माझी विनंती आहे.