बॅगेतली पदवी

1967 साली कॅनडाने स्थलांतरितांची निवड गुणांवर करायला सुरुवात केली. शंभरांपैकी पन्नास गुण लागत आणि त्यातले वीसपर्यंत शिक्षणाचे असत. पुढे गुणांचे तक्ते बदलत गेले, पण शिक्षणाचं वजन टिकलं. तरीही जी पदवी देशाचं दार उघडते, ती नोकरीच्या दारात पुरत नाही. तिथे विचारलं जातं, ‘कॅनेडियन अनुभव आहे का?’ मग इंजिनिअर गोदामात खोकी रचतो, डॉक्टर टॅक्सी चालवतो. तिथले लोक याला ‘सर्व्हायव्हल जॉब’ म्हणतात. अशा कामात मनाचं काय होतं, हा स्थलांतरितांच्या रोजगाराचा आणि मानसिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या शाखेचा प्रश्न आहे.

या विषयात पाऊल टाकणाऱ्याने आधी मारी याहोडा यांच्याकडे जावं. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर तिथल्या बेकारांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह 1933 मध्ये प्रसिद्ध केला. काम पगाराखेरीज काय देतं, हे त्यांनी पुढे नेमकेपणाने मांडलं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सामायिक उद्दिष्ट, समाजातलं स्थान आणि नियमित व्यग्रता. सर्व्हायव्हल जॉब करणाऱ्या स्थलांतरिताला यातलं बरंचसं मिळतं. हरवतं ते स्थान. शिवाय वर्षानुवर्षांच्या मेहनतीने कमावलेलं कौशल्य वापराविना गंजू लागतं. गोदामातलं काम हलकं नसतं, पण तिथे गेलेलं प्रत्येक वर्ष मूळ व्यवसायाची वाट लांबवतं.

नव्याने आलेले स्थलांतरित बहुधा स्थानिकांपेक्षा निरोगी असतात आणि काळ जाईल तसा हा फरक ओसरतो, असं संशोधक सांगतात. मनाच्या आरोग्याबाबत पाहिलं, तर मॉर्टन बायझर यांच्या अध्यक्षतेखाली स्थलांतरितांच्या मानसिक आरोग्याचा विचार करणाऱ्या कॅनडातल्या कार्यगटाने 1988 मध्येच योग्य रोजगार न मिळणं हा मानसिक आरोग्याचा धोका मानला. 2013 मध्ये ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार आयोगाने ‘कॅनेडियन अनुभवा’ची सरसकट अट भेदभावाची ठरवली. म्हणून या दुःखावर समुपदेशनाइतकाच व्यवसायाच्या परवान्यांच्या नियमांचाही इलाज लागतो. मात्र कामामुळे मन खचतं, की खचलेल्या मनाला चांगलं काम मिळत नाही, हे ताडायला त्याच माणसांना वर्षानुवर्षं भेटत राहावं लागतं.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. परदेशी गेलेला मुलगा किंवा सून फोनवर ‘सगळं छान चाललंय’ म्हणते आणि लगेच इथल्या पावसाचं विचारते. त्या घाईने बदललेल्या विषयापाशी थांबून ऐकायला शिकलो, की या अभ्यासाला आपली सुरुवात झाली.