टॅमॉक्सिफेनचं कूळ गोठ्यात

स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेन गोळीचं कूळ शोधणारे बहुतेक जण इंग्लंडमध्ये चेशरला, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत येऊन थांबतात. तिथे १९६२ साली डोरा रिचर्डसन यांनी हे रसायन तयार केलं. मी मात्र हे कूळ गोठ्यापर्यंत मागे नेतो.

ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांचा पदवीचा प्रबंध दूध उतरण्यावर होता. काही देशांत गाय व्यायली की तिचे अंडाशय काढून टाकतात, म्हणजे ती लवकर आटत नाही, हे त्यांच्या कानावर आलं. यावरून त्यांनी ताडलं की कासेचा कारभार अंडाशयाच्या हाती आहे. १८९५ मध्ये कर्करोग उलटलेल्या ३३ वर्षांच्या एका बाईचे अंडाशय त्यांनी काढले. आठ महिन्यांत गाठी दिसेनाशा झाल्या. हॉर्मोन या गोष्टीला तेव्हा नावही नव्हतं.

जर्मन पक्ष म्हणेल, त्यांचे शल्यविशारद शिन्झिंगर यांनी १८८९ मध्येच अंडाशय काढायचं सुचवलं होतं. सुचवलं खरं, पण केलं नाही. शिवाय त्यांचा हिशोब वयाचा होता, अंडाशय गेले की स्तन अकाली सुकेल आणि गाठ आवळली जाईल. कारभारी कोण, हा प्रश्न बीटसनचाच. मी त्यांनाच मूळपुरुष मानतो.

पुढे अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन सापडलं, संशोधक एलवुड जेन्सन यांनी ते पेशीत जिथे बसतं ती जागा दाखवली. टॅमॉक्सिफेन नेमकी ती खुर्ची अडवते.

दुसरा आक्षेप असा की ही गोळी मुळात गर्भनिरोधक म्हणून निघाली, कर्करोग हा निव्वळ योगायोग. उंदरांत गर्भ राहीना हे खरं, बायकांत मात्र उलट बीज सुटू लागलं. पण आयसीआयमधल्या या प्रकल्पाचे प्रमुख आर्थर वॉलपोल यांनी १९४९ मध्येच स्तनाच्या कर्करोगावर हॉर्मोनच्या उपचारांचा अभ्यास छापला होता. योगायोग म्हणायला हा माणूस फारच तयारीचा! १९७१ मध्ये छापलेल्या चाचणीत मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल आणि सहकाऱ्यांनी ४६ बायकांना गोळी दिली, १० जणींना चांगला गुण आला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली.

गर्भनिरोधक म्हणून फसलेल्या या गोळीची चुलत बहीण आपल्याकडे त्याच कामात यशस्वी झाली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेली सेंटक्रोमन, म्हणजेच ‘सहेली’. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तीही इस्ट्रोजेनचीच जागा अडवते, आणि स्तनाच्या कर्करोगावर तिचीही चाचणी झाली आहे.